सात टिचक्यांचा डेव्हलपर

नागपूरच्या बेसा चौकात उभं राहून ‘ओ डेव्हलपर’ अशी हाक मारून बघा, चार गाड्या तरी करकचून थांबतील. आमच्याकडे हा शब्द ले-आउट पाडणाऱ्यांचा. परवा कळलं, अँड्रॉइड मोबाइलात डेव्हलपर व्हायला स्क्वेअर फूटभर जागाही लागत नाही. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडायचं आणि ‘बिल्ड नंबर’वर बोटानं सात टिचक्या मारायच्या. तीन-चार झाल्या की फोनच मोजू लागतो, आता इतक्या उरल्या. सातवीला निकाल : आपण डेव्हलपर झालात! ना एन.ए., ना रिलीज लेटर, ना महारेरा.

ही डेव्हलपरकी संध्याकाळपर्यंत टिकली. दूधवाल्याला पैसे पाठवायला बँकेचं ॲप उघडलं, तर ते म्हणालं, आधी डेव्हलपर ऑप्शन बंद करा. फोन माझा, खातं माझं आणि संशयितही मीच.

शेजारचे काकाजी निवृत्त तलाठी. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “फोन तुह्या नावानं हाय का?”

“बिल आहे ना.”

“बिल म्हणजे ताबापावती झाली, बाप्पा. सातबारा कोनाचा?”

सातबारा काढायला बसलो. २००५ साली गुगलनं अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि मूळ कोड सगळ्यांना मोकळा झाला. म्हणजे जमीन गायरान. फक्त तिथं जायचा रस्ता, म्हणजे प्ले स्टोअर, गुगलच्या प्लॉटमधून जातो. (ॲपलचं विचारूच नका, तिथं गेटवरचा चौकीदारच मालक.) अँड्रॉइडवरच्या दादागिरीसाठी आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. मग रस्ता मोकळा झाला? १ मार्च २०२४ला शुल्काच्या भांडणात गुगलनं काही भारतीय ॲप प्ले स्टोअरबाहेर काढली. त्यात ‘९९ एकर्स’ही होतं. नावात नव्व्याण्णव एकर, आणि उभं राहायला गुंठा नाही! सरकार मध्ये पडलं तेव्हा मंडळी परत आली.

आता नवा फेरफार. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं : ॲप प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं असलं, तरी बनवणाऱ्यानं आधी गुगलकडे नाव-पत्ता नोंदवावा. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड. २०२७ पासून बाकी जग. ओरड झाली तेव्हा जाणकारांसाठी इशाऱ्यांनी भरलेली एक मागची वाट ठेवू म्हणाले. फसवणूक रोखायची, हे त्यांचं कारण खोटं नाही. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडून खाती रिकामी झालेले लोक आपल्याच आसपास आहेत. कुलूप हवंच. पण माझ्या घराच्या कुलपाची किल्ली कॅलिफोर्नियात का? गावातल्या पोरानं मंडळाच्या वर्गणीसाठी चार ओळींचं ॲप लिहिलं, तर त्याचा नाव-पत्ता समुद्रापार कशाला?

काकाजींना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे तू कूळ. तेही कायद्यात नसलेलं.”

डेव्हलपर ऑप्शन बंद केलं. दूधवाल्याचे पैसे गेले.