पोरके गुडघे

घरातली मुलगी डॉक्टर व्हायला निघाली की घरातली दुखणी हळूहळू तिच्या नावावर चढू लागतात. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत हा व्यवहार जरा चाचपडतच चालतो. पोरगी अजून सगळ्या शरीराची असते, तेव्हा कुणी पोटाचं विचारतं, कुणी डोळ्यांचं, आणि मंडळी अंदाज घेत राहतात. पण पीजीची सीट मिळाली, ब्रँच ठरली, की वाटण्या होतात. माझ्या भाचीला ऑर्थो मिळालं त्या संध्याकाळी पेढ्यांचा पुडा सुटायच्या आधी तिच्या थोरल्या काकांचा उजवा गुडघा पुढे आला. त्यातलं वंगण संपलंय, असं त्यांना एका सर्जनने सांगून झालं होतं. काका म्हणाले, "आता बाहेरच्या माणसाच्या हाती गुडघा कशाला द्यायचा? तीन वर्षं काय, अशी जातील." आत्याबाईंनी मणक्यातला गॅप राखून ठेवला. एका लांबच्या आजोबांना काहीच दुखत नव्हतं, तर त्यांनी खांदा कधीतरी धरेलच असा भरवसा दिला. माझं दुखणं अ‍ॅसिडिटीचं. हाडांच्या त्या मैफलीत मला बसायला जागा नव्हती.

ही मंडळी मिरजेची, हे सांगायला हवं. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मधल्या काळात गल्लीबोळांतून इतके दवाखाने उगवले की परगावच्या पाहुण्याला रिक्षावाला पत्ता विचारण्याआधी दुखणं विचारतो. अशा गावात नुसत्या डॉक्टरचं अप्रूप नसतं. कशाचा डॉक्टर, हे आधी पाहतात, आणि त्यात हाडांना मान फार. हाड दिसतं, मोडतं, जुळतं. एक्स-रेची प्लेट उजेडात धरून शेजाऱ्यालाही दाखवता येते. शिवाय ही सीट आकाशातून पडलेली नव्हती. नीट-पीजीचे 200 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, वेळ साडेतीन तास; त्यातून रँक, आणि रँकमागे काउन्सेलिंगच्या फेऱ्या. रेडिओ, डर्मा, मेडिसिन यांच्यासाठी देशभरातली पोरं वर्षवर्ष ड्रॉप घेतात आणि दुसऱ्या टोकाला काही विषयांच्या खुर्च्या इतक्या रिकाम्या राहतात, की 2023 मध्ये पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणावा लागला. शून्याच्या खाली जायची सोय नसल्यामुळेच बहुधा तिथे थांबले असावेत.

भाची रुजू झाली. युनिटमध्ये बहुतेक मुलगेच, उंचपुरे, आणि हाडं जागेवर बसवून बसवून दंड भरलेले. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं आयुष्य सगळीकडे सारखंच: ड्रेसिंग, स्लॅब, ट्रॅक्शनची वजनं, हरवलेल्या प्लेटी शोधणं. ऑपरेशनच्या वेळी अंगावर शिशाचा एप्रन, आणि घरी आल्यावर केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी, त्यामुळे फोनवरच्या चित्रात ती एकाएकी आजी झाल्यासारखी दिसायची. तक्रार तिने कधी केली नाही. पण तिच्या बोलण्यात हाडं कमी आणि माणसं जास्त येऊ लागली. खुबा मोडलेली एक म्हातारी वॉर्डात होती. न्हाणीत पाय घसरला, असं केसपेपरवर लिहिलेलं. हिने रात्री ट्रॅक्शन तपासता तपासता विचारलं, तर म्हातारी म्हणाली, पाय घसरला खरा, पण म्हातारा गेल्यापासून जेवणावर वासनाच नाही, उभं राहिलं की अंधारी येते. सकाळच्या राउंडला हिने हे सगळं सांगितलं. वरिष्ठ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बरं, प्लेट कुठाय?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. त्यांना खुबा दुरुस्त करायचा होता, आणि तो त्यांनी उत्तम केला. म्हातारी चालत घरी गेली. चालत जाऊन कुठल्या स्वयंपाकघरात उभी राहिली असेल, हा प्रश्न मात्र भाचीच्या डोक्यात मुक्कामाला राहिला.

पहिल्या फेरीत मिळालेल्या सीटवर रुजू होऊनही दुसऱ्या फेरीसाठी नव्याने पसंती भरायची मुभा असते. ती तिने भरली, कुणाला न सांगता, आणि सगळ्यात वर लिहिलं सायकिॲट्री. यथावकाश निकाल लागला, जुनी सीट आपोआप रद्द झाली, नवी मिळाली. काउन्सेलिंगच्या भाषेत याला अपग्रेड म्हणतात. संगणकाने इतक्या निरागसपणे लिहिलेला तो शब्द घरी कुणालाच पटला नाही. आत्याबाईंनी दारं-खिडक्या बंद आहेत ना हे पाहून विचारलं, "म्हणजे वेड्यांची?" काका काही बोलले नाहीत, फक्त गुडघ्यावरून हात फिरवत राहिले, परदेशी निघालेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. काकू तेवढं म्हणाल्या, "चांगली हाती आलेली हाडं सोडली पोरीने!"

एका अर्थी ती सुटलीच. हाच विचार शेवटच्या फेरीनंतर सुचला असता तर सीट सोडण्याचा बाँड आडवा आला असता. लाखांतला दंड भरल्याशिवाय कॉलेज कागदपत्रं हाती देत नाही, आणि तेवढे पैसे नसलेली पोरं न आवडलेल्या विषयात तीन वर्षं मान खाली घालून काढतात. त्यांच्या मनावर येणाऱ्या ताणाच्या तक्रारी ऐकून जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांना सुचवलं, की हा बाँड काढून टाका, हवं तर वर्षभर प्रवेशबंदी घाला. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, झोप अपुरी असताना, माणसाने आयुष्यभर कुठल्या अवयवाकडे पाहायचं ते ठरवावं आणि ठरवलेलं चुकू नये, ही अपेक्षा मला तरी मोठी गमतीची वाटते. आम्हाला त्या वयात शर्टाचा रंग ठरवता येत नव्हता.

आणि विषय बदलून गेलेल्यांची वंशावळ काही थोडीथोडकी नाही. आर्थर कॉनन डॉयल इंग्लंडातल्या साउथसीमध्ये जनरल प्रॅक्टिस करत होते. 1891 मध्ये डोळ्यांचा अभ्यास करायला व्हिएन्नाला गेले, परत येऊन लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून खोली घेतली. तिथे एकही रुग्ण फिरकला नाही, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याच वर्षी शेरलॉक होम्सच्या लघुकथा मासिकातून येऊ लागल्या. एखादा मोतीबिंदू जरी वेळेवर आत आला असता तरी आपली केवढी हानी झाली असती! आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ रंगभूमीवर गेले. तीनांपैकी घसा त्यांनी बरोबर नेला, कान प्रेक्षकांनी पुरवले. त्यांच्या पुण्यातल्या रुग्णांनी अर्धवट राहिलेली नाकं घेऊन कुणाचा उंबरठा गाठला, हे मात्र नाट्येतिहासात कुठे सापडत नाही. इतिहास नेहमी सोडून जाणाऱ्याचा लिहितात. सोडलेल्या नाकांचा आणि गुडघ्यांचा कोण लिहिणार?

भाचीचं आजोळ, म्हणजे आमचं घर, मिरजेतच, सतारमेकर गल्लीपासून जवळ. लहानपणी सुट्टीत ती तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर तासन्‌तास बसलेली असायची. तंबोऱ्याची जवारी काढणं पाहिलंय कधी? घोडीच्या हाडाच्या पट्टीवर कारागीर कानस फिरवतो, अगदी जराशी. मग तार छेडतो, तारेखाली सुती दोरा सरकवतो, आणि मान कलती करून ऐकत बसतो. पुन्हा जराशी कानस, पुन्हा ऐकणं. हाडाला हात लावायचा तो थोडा, कान द्यायचा तो फार. हाडाकडून मनाकडे जायची वाट हिला त्या पायरीवरच दिसली असणार, असा एक सुंदर सिद्धान्त मी मनाशी जुळवला आणि फोन करून तिला ऐकवला. ती जांभई देत म्हणाली, "मामा, मला एवढंच वाटलं की ड्रिल फार जड आहे."

नव्या ब्रँचमध्ये तिचं बरं चाललंय. इथे घराची मोठी पंचाईत झाली ती वेगळीच. हाडांच्या वेळी दुखणी नोंदवायला रांग लागली होती. आता आपल्यापाशी मन म्हणून काही असल्याचं कबूल करायला एक नातेवाईक तयार नाही. सगळे तिच्यासमोर फार शहाण्यासारखं वागतात. आत्याबाई तर ती आली की हसणंसुद्धा मोजून हसतात, न जाणो पोरगी काही टिपून घेईल. अपवाद काकांचा. ते अजून गुडघाच घेऊन जातात. "तुमच्यात गुडघ्याचं काही असतं का गं?" असं विचारून प्लेटचा लिफाफा पुढे करतात. ती सांगते, "काका, घरच्यांना मी तपासत नाही, पुतणी म्हणून ऐकते." मग काका सांगायला लागतात. जिना चढताना कळ येते इथून सुरुवात होते, वर कुणाची खोली होती तिथपर्यंत पोचतात. धाकटा मुलगा मेलबर्नला गेल्यापासून त्यांनी तो जिना चढलाच नव्हता, आणि घरात सगळे त्याचा दोष बिचाऱ्या गुडघ्याला देत होते. गुडघ्यासाठी तिने त्यांना आपल्या जुन्या युनिटमधल्या मित्राकडे धाडलं, तारीखही ठरली आहे. तीन वर्षं थांबायची गरज आता त्यांना वाटत नाही.

परवा काकूंचा मला फोन आला. इकडचं-तिकडचं झालं, पेरूंचा भाव झाला, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दादा, हे हल्ली वरच्या खोलीत जाऊन बसतात हो, पुस्तकं लावतात त्याची. गुडघा आहे तस्साच." मी म्हटलं, "मग बरंच आहे की." त्या जरा थांबल्या. "माझं काही नाही बरं का. मला काय धाड भरलीय? पण तुम्ही आपलं विचारून ठेवा, रविवारी तिला ड्यूटी नसते ना?"