शंभर टक्के साध्य : नवख्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी

अभिनंदन, डॉक्टर! प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. म्हणजे ३०,००० लोकसंख्या (डोंगराळ किंवा आदिवासी भाग असेल तर २०,०००), गळकं छत आणि वर 'गुणवत्ता मोजा' असा फतवा. घाबरू नका. रुग्ण बरा करायला शिकण्यात वर्षं गेली असतील. आकडा बरा करायला एक महिनाअखेर पुरते.

१. आधी भाजक धरा. नवशिके भाज्यामागे धावतात : आणखी गरोदर माता शोधा, आणखी तपासा. पाय दुखतात हो. त्यापेक्षा ज्यांची नोंदणी झाली तेवढ्याच गरोदर होत्या, असं माना. बीडसारख्या जिल्ह्यात असाल तर नशीबच काढलंत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारा. बाई तुमच्या भाजकातून गेली आणि तिकडे फडावर कुणाच्याच भाजकात आली नाही. दोन्हीकडची टक्केवारी चोख.

२. रक्तदाब ११०/७० लिहा. यंत्र बिघडलेलं असलं तरी हा आकडा चालू असतो. पानभर तोच दिसला तर तपासणारे साहेब हसतील, म्हणून मधूनमधून १२०/८० पेरा. हिमोग्लोबिन मात्र जपून. ७ च्या खाली गेलात की तो गंभीर रक्तक्षय. मग वेगळी यादी, पाठपुरावा, तालुक्याहून रोज फोन. १०.२ लिहिलं तर कुणालाच त्रास नाही. (बाईला असतो, पण तिचा फोन येत नाही.)

३. भेटी मोजा. चार तपासण्या झाल्या? झाल्या. लोहाच्या १८० गोळ्या दिल्या? दिल्या. त्या पोटात गेल्या की फळीवरच्या डब्यात, हे विचारणं म्हणजे लोकांच्या संसारात नाक खुपसणं. १९७८ साली तानाहाशी नावाच्या अभ्यासकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये नसती उठाठेव करून ठेवली आहे. सेवा उपलब्ध हवी, तिथवर पोचता यायला हवं, ती लोकांना पटायला हवी, त्यांनी ती घ्यायला हवी आणि शेवटी तिचा गुण यायला हवा. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात म्हणे. तुम्ही चौथ्या पायरीवर बैठक मारा. पाचवीवर फार वारं लागतं.

४. तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी सोपी : आशाताई फॉर्म भरतात, तुम्ही बेरीज करा. २०१७ पासूनचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम तेवढा टाळा. तिथे रुग्णाचा दाब मागच्या भेटीत १४०/९० च्या खाली आला का, असं थेट विचारतात. शिष्टाचार म्हणून नाही.

५. मूल्यांकनाचा दिवस. कायाकल्प असो की राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं, प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. ७० टक्क्यांना गड सर. आदल्या आठवड्यात रंग काढा, पिवळ्या-लाल बादल्या नव्या आणा, कुंड्या उसन्या घ्या. हात धुण्याच्या सहा पायऱ्या शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ हव्यात. नळाला पाणी नसलं तरी प्रात्यक्षिक कोरड्या हातांनी उत्तम होतं. पार्टोग्राफ प्रसूती आटोपल्यावर चहा घेता घेता भरा. बाळ आलेलंच असतं, त्यामुळे आलेख कधी चुकत नाही. कळा थांबल्या, ठोके मंदावले असलं काही त्याच वेळी टिपत बसलात तर धावपळ करावी लागेल, आणि धावपळीला गुण नाहीत. रुग्णाचीही मुलाखत होते. त्यासाठी सिस्टरांच्या आळीतली एखादी आजी धरून ठेवा. 'सगळं ब्येस हाय' एवढंच तिला म्हणायचंय.

६. गुंतागुंत दिसली की १०८ बोलवा. रेफर केलेली बाई जिल्हा रुग्णालयात दगावली तर तुमच्या रजिस्टरात मृत्यू शून्यच. रेफरच्या चिठ्ठीवर वेळ मात्र लवकरची टाका.

७. आता आढावा बैठक. तक्ता हिरवा हवा, लाल रकाना दिसला की साहेबांचा आवाज चढतो. १०० च्या वर गेलं तर '१०४ टक्के' तसंच राहू द्या, टाळ्या जास्त पडतात. एखाद्या नव्या साहेबांनी 'पण यातले बरे किती झाले?' असं विचारलंच, तर गांगरू नका. नजर खाली, आवाज नम्र : "सर, तो रकाना पोर्टलवर नाही."