निवडलेल्या भाजीचे निवडक फायदे

दादर, ठाणे, डोंबिवली. संध्याकाळी कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, सोललेला लसूण, मोडलेली गवार आणि चिरलेली फरसबी पिशवीत बांधून तयार असते. पूर्वी हे काम लोकलच्या महिला डब्यात चालायचं. आता तिथली बोटं मोबाइलवर गुंतलेली असतात.

फायदे उघड आहेत. वेळ वाचतो आणि त्या वेळात ‘उद्या भाजी काय करायची?’ यावर सविस्तर चर्चा करता येते. फणसाचा चीक नको, सुरणाची खाज नको. एकट्या माणसाला अख्खा लाल भोपळा पोसावा लागत नाही. बोटं आखडलेल्या आजींना तर हा खराच आधार.

तोट्यांचं म्हणाल, तर भाजीचं वय आणि तिच्यातली कीड या दोन्हींच्या खुणा चिरताना मिटतात. घरी आणून धुतली तर ‘क’ जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. न धुतली तर विक्रेत्याच्या विळीचा इतिहास पोटात. चिरलेली भाजी ५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावी म्हणतात. फुटपाथवरच्या टोपलीला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

आणि भाव? घरातल्या बाईने वर्षानुवर्षं चिरली तेव्हा त्या कामाचा दाम शून्य होता. पिशवीत बांधल्यावर मात्र आपण तो निमूट मोजतो.

तेव्हा फणस, सुरण खुशाल चिरून आणा. पालेभाजी घरीच निवडा. विळी पुरुषांच्या हातातही तितकीच चालते.