चाक बसलं, दात खुळखुळले

ताई, कपडे वाळत घालता घालता ऐका जरा. दोन दिवस आमच्या ओट्यावर ठकठक चालली होती ना, ती आमच्या धाकट्याची. सायकल खोलून बसला होता.

मामाची जुनी रेसर हो! लोखंडी सांगाडा, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. मागे सहा चकत्या, त्यांतली मोठी एकवीस दातांची. आणि साहेबांना रविवारी असीरगड! वीसेक किलोमीटर सपाट रस्ता कापतो, पण गडाचा चढ लागला की उतरून ढकलत. अकबराला तो गड घ्यायला महिने लागले, १६०१ उजाडलं. हा म्हणतो, पोह्यांच्या वेळेला परत येतो.

मग पुण्याच्या चुलतभावाने नवी डिस्क ब्रेकची सायकल घेतली आणि आपली आधीची दोन चाकं ह्याला पाठवली. नशीब जुनी पाठवली! नव्या सायकलचं मागचं चाक १४२ मिलिमीटरचं, जाड दांडा आरपार जाणारं. ते हिच्यात कशाला बसतंय. पण आलेलं चाकही आत जाईना. सांगाड्यात जागा १२६ची, चाक १३०चं. दुकानदार म्हणे, ठोकून बसवतो. मी म्हटलं, हात लावू देऊ नकोस, जॉबरकाकांना बोलव.

काकांचं आयुष्य पॉवरलूमवर गेलंय. लूमचं चेंज व्हील बदललं की कापडाची वीण दाट-विरळ होते. दातांचा हिशेब त्यांच्या बोटांवर. म्हणाले, लोखंड आहे म्हणून करतो, अॅल्युमिनियम किंवा कार्बन असतं तर तडाच गेला असता. आटेदार सळई आणि दोन नट घेऊन मागचे दोन्ही पाय हळूहळू फाकवले, मग पुढच्या नळीपासून मागपर्यंत सूत ताणून दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते पाहिलं. सुताचं काम सुतानेच, नाही का?

ब्रेकचे रबरही सरकवावे लागले. जुनी चाकं सत्तावीस इंची, म्हणजे रिम ६३० मिलिमीटर. नवी म्हणायला सातशे, पण मापात ६२२. रबर चार मिलिमीटर खाली! ही नावं ठेवणारे कोण असतात देव जाणे.

पण खरी गंमत कॅसेटची. जुनं फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसायचं. नव्या चाकावर चकत्यांचा जुडगा खाचांतून सरकवायचा आणि वरून टोपण आवळायचं. ह्याने नऊ चकत्यांची कॅसेट आणली, टोपण घट्ट आवळलं, तरी चकत्या खुळखुळ! दुकानदार म्हणे, माल डुप्लिकेट. पोरगं रडवेलं. काकांनी व्हर्नियर लावला. चाकाचा गाभा अकरा चकत्यांसाठी केलेला, म्हणून लांब, कॅसेट आखूड. फरक १.८५ मिलिमीटर. लेथवर तेवढा वायसर कातून कॅसेटच्या मागे घातला आणि सगळं गप्प! उलट असतं, अकरावाली कॅसेट जुन्या आखूड गाभ्यावर, तर वायसर काही कामाचा नव्हता. बहुतेक अकरावाल्या तिथे बसतच नाहीत.

साखळी मात्र नवी घ्यावी लागली, नऊ चकत्यांसाठी बारीक. गिअरचे खटके जुनेच, आणि तेच बरं. त्यांत टिक-टिक नाही, हाताने जरा सरकवायचं. सहा असोत की नऊ, त्यांना काय! नव्या खटक्यांचं माप ठरलेलं असतं, दुसऱ्या कॅसेटला ते ओळखच देत नाहीत.

आता मागे मोठी चकती अठ्ठावीसची. चौतीसची घे म्हणत होता भाऊ, पण जुन्या डिरेलरचा हात तेवढा लांब नाही. पुढची छोटी एकोणचाळीसची. आधी पायडलच्या एका फेऱ्यात चाक १.८६ वेळा फिरायचं, आता १.३९. चढावर तेवढं पुरे. काल वरपर्यंत बसून गेला म्हणतो. मी काही पाहिलं नाही, फोटोत तर शेजारी उभाच आहे.

काकांना पैसे विचारले तर म्हणाले, पैसे राहू दे, ती सत्तावीस इंची रिकामी चाकं दे. काकूंच्या कांड्या भरायच्या चरख्याचं चाक वेडंवाकडं झालंय. ऐका ना, मागून घरघर येतेय? ते तेच.