भिंगराव

फिलाडेल्फियाजवळ आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात. डोळ्याला सदा भिंग, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव भिंगराव. १८३४ पूर्वीची अमेरिकन सोन्याची नाणी हाच त्यांचा संसार. संसार आटोपशीर आहे, नाणी तीन.

थोरलं १७९५ चं, पाच डॉलरचं, फिलाडेल्फियाच्याच टांकसाळीत पाडलेलं.

"यावर पाच डॉलर कुठे लिहिलंय?" हिने विचारलं.

"कुठेच नाही!" मुलाचा पहिला नंबर सांगावा तसे ते म्हणाले. नाण्यावर ५ चा आकडा यायला १८०७ उजाडलं. वजन पावणेनऊ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेट.

"म्हणजे तोळाभरही नाही. मग एवढी घडणावळ कसली?"

भिंगराव खिन्न झाले. पुढे नाण्यातलं सोनं पाच डॉलरहून महाग झालं आणि लोकांनी ती ढिगाने वितळवली. १८२२ साली १७,७९६ पाडल्याची नोंद आहे, उरली तीन. दोन स्मिथसोनियनमध्ये, तिसरं २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरना गेलं. हे सांगताना त्यांचा आवाज असा पडतो, की आपण उगाच चपला काढून बसतो.

नाणी प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असतात, वर सत्तरपैकी गुण. थोरल्याला ५८. साठाला नाणं कोरं ठरतं, म्हणून बारावीच्या पोरासारखं त्याला दोनदा फेरतपासणीला धाडून झालंय. पुन्हा ५८. तपासणाऱ्यांचे डोळे गेलेत, हे भिंगरावांचं शांतपणे काढलेलं अनुमान.

नाण्यावर बारीक रेघा आहेत. चकती जड भरली की टांकसाळीतच कानस मारून वजन जुळवत, त्या खुणा. त्यांच्यावर ते जीव टाकतात. टांकसाळीबाहेर उठलेला ओरखडा मात्र खून.

हे ठाऊक नसल्याने ही प्रेमाने म्हणाली, "डबी उघडा, रिठ्याच्या पाण्यात घासून देते. लख्ख होईल."

भिंगरावांनी डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली. धुतलेल्या नाण्याला गुणच मिळत नाहीत म्हणे, नापास. दिवाळीआधी सगळे दागिने रिठ्यात बुडवणाऱ्या बाईला हे कोण पटवणार?

वातावरण निवळावं म्हणून हिने सासूबाईंचा पुतळ्यांचा हार आणला. भिंगराव खुलले, भिंग लावलं, एकेक पुतळी उलटी केली. मग थबकले.

"या कड्या कोणी डाखल्या?"

"सोनाराने."

"सगळ्यांना?"

"एक सुटली होती," ही म्हणाली, "ती गेल्या वर्षी डाखून घेतली."

त्यांनी पाणी मागितलं.