ओरिजिनलकर

गिटारच्या दुकानात नवं पेडल आलं की काही जण ते वाजवून बघतात आणि काही जण उलटं करून बघतात. ओरिजिनलकर दुसऱ्या जातीचे. आडनाव मी दिलेलं. खरं कुठलंही असू शकतं. ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे म्हणून बँडवाल्या पोरांची प्रॅक्टिस रूम आहे तिथे एक ओरिजिनलकर असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. केस उरलेत तेवढे लांब. कॉलेजात बँड होता, तो फुटला, आणि त्याला ड्रमर जबाबदार. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर.

"काका, ॲम्प लावून देऊ का? वाजवून बघा ना," दुकानातला पोरगा म्हणतो.

"वाजवून काय कळतं रे?" म्हणत काका तळाचे स्क्रू काढायला घेतात. पत्रा निघतो. काका चष्मा कपाळावर चढवतात, पेडल नाकाशी नेतात आणि चक्क हुंगतात. ताज्या सोल्डरचा वास आला की पत्रा परत जागच्या जागी. "रीइश्यू," ते जाहीर करतात, म्हणजे जुन्या पेडलची नव्याने काढलेली आवृत्ती. डालड्याला डालडा म्हणावं, तसा त्यांचा सूर असतो. पोरगा बिचारा बॉक्स पुढे करतो. बॉक्सवर रीइश्यू असंच छापलेलं असतं, आणि तेही मोठ्या अक्षरांत.

हे सगळं सोवळंओवळं ज्या फझच्या, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजासाठी, तो आवाज मुळात एक बिघाड आहे, हे ओरिजिनलकरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तारीखवार ठाऊक आहे. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी'चं नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, तेव्हा मिक्सरचा एक चॅनेल नादुरुस्त होता आणि त्यातून ग्रेडी मार्टिनच्या सहा तारी बासचा आवाज पार फाटून आला. तो तसाच ठेवला, गाणं चाललं, आणि इंजिनियर ग्लेन स्नॉडींनी तो बिघाड हुकमी घडवून आणणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये गिब्सनने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आणलं. दुकानांतून ते बरेच दिवस धूळ खात पडलं होतं. १९६५ साली 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने त्यावर पाय दिला, आणि दुकानं रिकामी झाली. म्हणजे पहिलं फझ पेडलच मुळी एका बिघडलेल्या चॅनेलची नक्कल. त्या नकलेची नक्कल बिनचूक उतरली की नाही, यावर माणसं आख्खी संध्याकाळ घालवतात. ओरिजिनलकर रविवारही घालवतात.

त्यांचं कुलदैवत मात्र नॅशव्हिलचं नव्हे, लंडनचं. आर्बिटर कंपनीचा फझ फेस, १९६६. माइकच्या स्टँडचं गोल, जड बूड बघून आयव्हर आर्बिटरने पेडलही गोल केलं आणि दोन नॉब डोळ्यांच्या जागी बसवले. जिमी हेंड्रिक्सने ते पायाखाली घेतलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आत उघडून पाहाल तर फसवल्यासारखं वाटेल. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉबांचे दोन पॉट. झाले अकरा नग, संपलं. सकाळी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर जेवायच्या वेळेपर्यंत सगळे पिशवीत पडतील, फक्त जर्मेनियमचे ते दोन ट्रान्झिस्टर सोडून. ओरिजिनलकरांचा सगळा जीव त्या दोनांत अडकलेला. 'एनकेटी २७५' हा नंबर ते इतक्या हळुवार आवाजात उच्चारतात, की तेवढ्या हळुवारपणे त्यांनी घरच्या कुणाला हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

"मुळाबरहुकूम आहे का?" हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. इथे मात्र त्यांना अडवावंसं वाटतं. कुठल्या मुळाबरहुकूम? जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकाच पुड्यातून काढले तरी एकाचा गेन दुसऱ्याच्या दुप्पट निघतो, एखाद्याचा करंट नळासारखा गळतो, एखाद्याचा बिलकूल नाही. कारखान्याने ते फारसे पारखून लावले नाहीत. त्यामुळे एक फझ फेस गायचा आणि त्याच खोक्यातला दुसरा नुसता खोकायचा. हेंड्रिक्सला पेट्या पारखून आणि सुधारून द्यायला रॉजर मेयरसारखा जाणकार हाताशी होता. आपण रेकॉर्डवर ऐकतो ती ही निवडक मंडळी. १९६६ च्या लंडनमध्ये जाऊन तुम्ही डोळे झाकून एक ओरिजिनल उचललं असतंत, तर खोकणारंच पदरी पडायची भीती बरीच होती. आज चांगला पेडल बांधणारा प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरवर मोजतो, गळती बघतो, मगच जोडी जुळवतो. या बाबतीत नक्कल अस्सलपेक्षा सरस असते, हे ओरिजिनलकरांना पटतं, पण रुचत नाही.

त्यातून साठच्या दशकाच्या अखेरीला मूळ कंपनीनेच जर्मेनियम सोडून सिलिकॉन ट्रान्झिस्टर लावायला घेतले. आवाज जास्त धारदार, हवामानाची तक्रार नाही. फक्त हा सिलिकॉनचा फझ फेस अधूनमधून एखादं रेडिओ स्टेशन पकडायचा. हेंड्रिक्सने तोही वापरला. म्हणजे सिलिकॉनचा निळा रीइश्यूसुद्धा एका ओरिजिनलचाच रीइश्यू ठरतो. एवढं बोललं की ओरिजिनलकर विषय बदलून बॅटरीवर येतात.

बॅटरीच्या बाबतीत भारत जगाच्या पुढे आहे, असं त्यांचं मत आहे, आणि ते अगदीच चुकीचं नाही. जुन्या फझला महागडी अल्कलाइन बॅटरी सोसत नाही, असा जाणत्यांचा समज आहे. लागते ती साधी कार्बन-झिंकची, जी लवकर दमते आणि दमली की आवाजाला थोडी मऊ सूज येते. परदेशातले शौकीन ती शोधत फिरतात. आपल्याकडे मल्टिमीटरमध्ये घालायची ती स्वस्त नऊ व्होल्टची बॅटरी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेलीच असते. ओरिजिनलकर घेताना विचारतात, "जरा जुना स्टॉक आहे का?" दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक टोमणा मारतंय. तो शपथेवर सांगतो की माल कालच आलाय, आणि इकडे यांचा चेहरा पडतो.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. जर्मेनियमला ऊब सोसत नाही. तापमान दहाएक अंशांनी चढलं की त्या ट्रान्झिस्टरची गळती साधारण दुप्पट होते, दुसऱ्या ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज जागचं हलतं, आणि जो सूर लांबत लांबत विरायला हवा तो मध्येच गचका खाऊन बंद पडतो. लंडनच्या गारठ्यात जन्मलेल्या सर्किटला पुण्याचा मे महिना कसा मानवावा? त्यावरचा उपाय ओरिजिनलकरांच्या घरी एका दुपारी मी ऐकला.

"अहो, दह्याच्या पातेल्यामागे हे लाल काय ठेवलंयत?"

"अगं, हात लावू नकोस त्याला. गार होऊ दे."

"आणि माझं श्रीखंडाचं भांडं बाहेर?"

"श्रीखंडाचा टोन बदलत नाही."

लाल म्हणजे जर्मेनियमचा रीइश्यू. होय, खुद्द ओरिजिनलकरांकडे रीइश्यूच आहे. खरा फझ फेस घ्यायचा तर स्कूटर, सोसायटीतली पार्किंगची जागा आणि बहुधा अब्रूही विकावी लागली असती. न्यू जर्सीच्या भाच्याने हे लाल पेडल सामानातून आणलं, तेव्हा विमानतळावर त्या गोल, जड, वायरींनी भरलेल्या डब्याबद्दल त्याला बरंच काही समजावून सांगावं लागलं. तेव्हापासून तो मामांसाठी फक्त बदाम आणतो.

एकदा प्रॅक्टिस रूममधल्या पोरांनी डाव टाकला. हे लाल पेडल आणि एक गावठी नक्कल, दोन्ही ॲम्पच्या मागे ठेवली. "काका, डोळे मिटा आणि ओळखा." काकांनी ठाम नकार दिला. "डोळे मिटून टोन ऐकता येत नाही," ते म्हणाले. पोरं हसून लोळली. मला मात्र ते त्यांच्या तोंडचं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटलं. रंग, वजन, गोल पत्रा, आतला नंबर हे सगळं बघितल्यावर त्यांना तो आवाज खरोखरच जास्त गोड लागतो. त्यात लबाडी नाही. फक्त त्या गोडीची किंमत तुम्ही का मोजावी, एवढाच प्रश्न आहे.

काही गोष्टी मात्र त्यांच्याकडून निमूट शिकाव्यात. फझ फेस गिटारच्या लगेच पुढे लावायचा, मध्ये बफर असलेला ट्यूनर किंवा दुसरं पेडल घुसवायचं नाही. कारण गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली केल्यावर फाटका आवाज निवळून लखलखीत होतो, हीच तर या सर्किटची सगळी करामत, आणि बफर तीच मारून टाकतो. दुसरं, जर्मेनियमचे जुन्या पद्धतीचे बहुतेक फझ उलट्या ग्राउंडचे. बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर जोडले की शॉर्ट होतं. हे दोन्ही सल्ले लाखमोलाचे. इथेच थांबले असते तर पोरांनी त्यांना गुरुपौर्णिमेला पेढे दिले असते. पण ते पुढे वायरच्या रंगावर बोलतात.

तर असं रीइश्यू पेडल घ्यावं का? जुन्या पेडलच्या नावाखाली नवं विकतायत म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, आणि बॉक्सवर हेंड्रिक्स छापलाय म्हणून पाकीट काढायचंही नाही. आपली स्वतःची गिटार दुकानात न्या. फझचा नॉब पूर्ण उघडा आणि मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर, सातवरून चारवर आणा. सातवर तार मोकळी वाजली, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज चढला-उतरला, तर आतल्या नंबराची चौकशी करू नका. तिथेही तो फाटकाच राहिला तर ठेवून या, मग आत एनकेटी २७५ असो नाहीतर साक्षात हेंड्रिक्सचा अंगठा. सगळी पेडलं एकाच अडॅप्टरवर चालवत असाल तर सरळ सिलिकॉनचं घ्या. आणि जर्मेनियमचाच हट्ट असेल तर खरेदी मे महिन्यात करा, भर दुपारी, दुकानातला एसी बंद करायला लावून. अर्ध्या तासानेही गात असेल तर पैसे मोजा. डिसेंबरात गाणारं पेडल होळीनंतर खोकायला लागलं, तर ते परत घेणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे.