बाबांना ‘इज’ म्हणायचं नाही

वरच्या मजल्यावरची मुलगी दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. संध्याकाळी सात ते साडेसात ती माझ्या ताब्यात असते. ‘काका, तुम्ही रिटायर्डच आहात, हिचं ग्रामर तेवढं बघा,’ असं तिची आई म्हणाली. त्यातला ‘च’ मी गिळला.

परवा वर्कशीट आली. गाळलेल्या जागा, अ‍ॅम-इज-आर. दहापैकी आठ. ‘माय मदर इज इन द किचन’ बरोबर. (मुलीची आई त्या वेळी ऑफिसात असते, पण वर्कशीटमधल्या आईला अजून ओट्यापासून सुट्टी नाही.) ‘माय फादर आर’ आणि ‘माय ग्रँडफादर आर’ यांना मात्र लाल गोळे.

‘असं का लिहिलंस गं?’

‘आई आहे. बाबा आहेत. आजोबा आहेत.’ मला एवढंही कळू नये याचं तिला आश्चर्य वाटलं. ‘बाबा आहे म्हटलं की आजी ओरडते.’

म्हणजे पोरीला नियम येत होता, आणि तो तिने न चुकता लावला होता. आईला एकवचन, बाबांना आदरार्थी बहुवचन. नियम फक्त मराठीचा होता. लाल पेनवाल्या बाईंनी एकदा विचारलं असतं, तर पाच मिनिटांत काम झालं असतं. इंग्रजीत बाबा, आजोबा आणि खालचा मोत्या, एकेक असले की तिघांनाही ‘इज’, असं मी सांगितलं. तिने जरा विचार केला. ‘मग इंग्लिशमध्ये आजी कुणाला ओरडते?’

पुढचं पान ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’चं. ए, ई, आय, ओ, यू दिसलं की ‘अ‍ॅन’, असं वहीत चौकट करून दिलेलं. त्यामुळे ती ‘अ‍ॅन युनिफॉर्म’ आणि ‘अ अवर’ लिहून मोकळी झाली. खरा नियम कानाचा आहे, अक्षराचा नाही. मी म्हटलं, हेच शब्द मराठीत लिही. तिने लिहिलं: युनिफॉर्म, अवर, अंब्रेला. पहिला ‘य’ने सुरू होतो, ते व्यंजन. उरलेल्या दोघांच्या सुरुवातीला स्वर. बाराखडी येणाऱ्या मुलीला आणखी काय सांगायचं? पण दुसऱ्या दिवशी निरोप आला: ‘काका, इंग्लिशच्या वहीत देवनागरी नको. सवय लागते.’

मराठीची सवय लागू नये म्हणून त्या घरात पुरता बंदोबस्त आहे. ‘बेटा, शूज वेअर कर. बनाना फिनिश केलास? टीथ ब्रश करून घे.’ या भाषेची गंमत पाहा. वेअर, फिनिश, ब्रश हे सगळे नवरदेवासारखे बसून असतात, आणि कर, केलास, करून असा घाम गाळतो तो आपला मराठी ‘करणे’. काळ त्याने दाखवायचा, लिंग-वचन त्यानेच सांभाळायचं. मग वर्कशीटवर ‘वेअर’चा भूतकाळ विचारला की पोर बावरते. ‘वोअर’ तिने कधी ऐकलेलाच नाही, घरात सगळेच शूज ‘वेअर केलेले’ असतात. तिने तेच लिहिलं, रोमन लिपीत: ‘वेअर केला’. गोळा.

आईला दोष तरी किती द्यायचा! राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. मोरेसरांच्या त्या पहिल्या बॅचची पोरं आता तिशी ओलांडून पालक झाली आहेत. ही त्यांतलीच. इंग्रजी पहिलीपासून शिकलेली, आणि पोरीशी इंग्रजीत एक अख्खं वाक्य बोलायला अजून बिचकणारी. चुकेल म्हणून शब्द इंग्रजी, आणि वाक्य मोडायला नको म्हणून कणा मराठी. मुलगी निदान बिनधास्त चुकते.

साडेसात वाजले. तिने वही दप्तरात कोंबली, चपला पायात सरकवल्या आणि दारात थांबली. ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे तिला आजीने शिकवलेलं आहे. इंग्लिशमध्येच बोलायचं, हे आईने.

‘आजोबा, आय अ‍ॅम कमिंग,’ ती म्हणाली आणि गेली.